‘आय ॲम फाइन’ म्हटलं तर काय बिघडलं?

"आय ॲम फाइन" म्हणणं बंद करा! "व्हेरी टायर्ड" कधीच म्हणू नका! इंग्रजी शिकवणारी रील उघडली की कोणीतरी लाल फुली दाखवून दरडावत असतं. अहो, का म्हणू नका? दोन्ही बरोबर आहेत, इंग्लंड-अमेरिकेत माणसं रोज हेच बोलतात. "व्हेरी टायर्ड"ऐवजी म्हणे "एक्झॉस्टेड" म्हणा! "एक्झॉस्टेड" म्हणजे पार गळून गेलेला. दोन जिने चढून दमलेल्याने ते कशाला म्हणायचं?

संताप येतो तो यासाठी, की खऱ्या चुकांबद्दल ही मंडळी चकार शब्द काढत नाहीत. मराठीत आपण "मी काल पुण्याला गेलो होतो" म्हणतो, त्याचंच "आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे" होतं. तिथे साधं "आय वेंट" हवं. "हॅड गॉन" कधी? भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी होऊन गेली असेल तेव्हा: मी स्टेशनवर पोचलो, त्याआधीच गाडी गेली होती. हे अंगवळणी पडायला निदान वीस-पंचवीस वाक्यं स्वतः बनवावी लागतात. तीस सेकंदांत ते मावत नाही, म्हणून "वॉटर"चं अमेरिकन "वॉडर" करून दाखवायचं!

आणि हे ॲक्सेंटचं खूळ! आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा. तिचा बोलण्याचा भाग 11 ते 14 मिनिटांचा. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार, चौघांना सारखंच वजन. उच्चारात बघतात ते समोरच्याला नीट कळतंय का. अमेरिकन वळणाला जादा गुण नाहीत. सुधारायचंच तर आघात सुधारा. "फोटोग्राफ"मध्ये जोर "फो"वर, "फोटोग्राफर"मध्ये तो "टॉ"वर सरकतो. "पार्क"मधला "प" थोडा हवेसकट सोडा, नाहीतर परदेशी कानाला "बार्क" ऐकू येतं. हे शिकवणारी रील शोधून दाखवा.

"प्रीपोन"ला, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्याला, तर हे सगळे रीलवाले हसतात. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे तो शब्द!

पण हसायचं कारण उघड आहे. कमेंटमध्ये "इंग्लिश" लिहा, 99 रुपयांचा वेबिनार घ्या, तिथून काही हजारांचा "30 दिवसांत फ्लुएंट" कोर्स. घाबरलेला माणूसच पैसे भरतो, म्हणून आधी घाबरवायचं. आणि मराठी माध्यमातून शिकलेली पोरगी मुलाखतीत उत्तर येत असूनही गप्प बसते, कारण "आय थिंक" म्हणायचं की नाही हेच ती मनात तपासत असते.