‘कुकला कागद कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जहाजावरच्या कुकला प्रमाणपत्र हवं, या माझ्या लेखावर ‘कुकला कागद कशाला?’ असं विचारणारी तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा एक मुद्दा पटला, म्हणून आधी तो. ‘प्रत्येक जहाजावर प्रमाणपत्रवाला कुक लागतोच’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ ला लागू झाला. जहाजावर ठरवून दिलेली माणसं १० पेक्षा कमी असतील, तर पूर्ण पात्रतेच्या कुकची सक्ती न करण्याची मुभा त्यात आहे. मात्र तिथेही गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, अन्न हाताळणाऱ्याला स्वच्छता आणि साठवणुकीचं शिक्षण लागतंच. लेख दुरुस्त केला आहे.

आता बाकीचं. वीस वर्षं हॉटेलात काढलेल्या माणसाला परीक्षेला बसवायचं म्हणजे निव्वळ संस्थांची कमाई, असं तुम्ही म्हणता. चव परीक्षेतून येत नाही, कबूल. कागदवाल्या कुकच्या हातचं बेचव जेवण मीही महिनोन्‌महिने गिळलंय. पण तो कागद चवीचा नाहीच.

माझ्या सुरुवातीच्या एका जहाजावर असाच हॉटेलातून आलेला, हाताला झकास चव असलेला कुक होता. रात्रीचा उरलेला भात त्याने पातेल्यातच झाकून ठेवला आणि सकाळी परतून वाढला. चांगल्या वाफा येत होत्या. दहा वाजेपर्यंत इंजिनरूममधले तिघे आणि वॉचवरचा (पहाऱ्याच्या पाळीवरचा) एक अधिकारी बादली धरून बसले. मोठ्या पातेल्याच्या पोटातला भात तासन्‌तास कोमट राहतो. तेवढ्या वेळात जंतू जे विष तयार करतात, ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. भात उथळ ट्रेमध्ये पसरून पटकन गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, एवढंच तर करायचं होतं. हॉटेलातलं गिऱ्हाईक दवाखाना गाठतं. आमचं बंदर सहा दिवसांवर होतं आणि औषधांची पेटी सेकंड ऑफिसरकडे, जो स्वतःच बादलीपाशी होता.

‘प्रमाणपत्र नसलेल्यालाही महिनाभर कुकचं काम करायची सवलत मिळतेच, मग नियम कसला?’ असंही तुम्ही विचारता. ती सवलत खरोखरच अडलं तर, एका ठरावीक जहाजापुरती, पुढच्या सोयीच्या बंदरापर्यंत किंवा जास्तीत जास्त एक महिना. तीसुद्धा अन्नस्वच्छता शिकलेल्यालाच. कुक आजारी पडून उतरला तर बाकीच्यांनी उपाशी राहायचं का?

हे नवं खूळही नाही. जहाजावरच्या कुकच्या प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र करार १९४६ मध्येच सिएटलला झाला होता.

आणि तुमची वीस वर्षं पाण्यात जात नाहीत हो! परीक्षेआधी समुद्रावर किती काळ काढायला हवा, हे ठरवताना जुना अनुभव धरता येतो. ज्या देशाचा झेंडा जहाजावर असेल, तिथल्या सागरी प्रशासनाकडे आधी तेवढं विचारून घ्या. तोवर एक लक्षात ठेवा: जहाज डोलायला लागलं की पातेलं निम्म्यावरच भरायचं, भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीच्या कडेला असलेले दांडे आवळायचे आणि डीप फ्रायरला हात लावायचा नाही.