‘पीळ मारा, टेप गुंडाळा, कनेक्टर कशाला?’ त्या फॉरवर्डला उत्तर

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग बायकोच्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि काल तर गावच्या भावकीच्या ग्रुपवर पण तोच मेसेज आला, म्हणून शेवटी लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: जाड वायर जोडायला इन्सुलेटेड कनेक्टर, म्हणजे बाहेरून कव्हर असलेला स्क्रूचा ठोकळा, लागतो हे दुकानदारांनी पिकवलेलं पिल्लू आहे, जुने वायरमन पक्कडीने पीळ मारून टेप लावायचे आणि 40 वर्षं काही झालं नाही, टेप 600 व्होल्टची असते म्हणजे पुरे, तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळलं तरी चालतं, कनेक्टर लावूनही जॉइंट जळतातच, आणि गरम झालंच तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडेल. मी वायरिंगचीच कामं घेतो, आठवड्यातून दोनदा लोहार चाळीत, मुंबईच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, फेरी असते, त्यामुळे हे वाचून हात शिवशिवले.

जुन्या वायरमनचं आधी घेऊ, कारण त्यांना उगाच बदनाम केलंय. आयटीआयमध्ये मॅरीड जॉइंट शिकवतात, दोन्ही वायरच्या तारा एकमेकींत गुंफून गुंडाळायच्या, पण गोष्ट तिथे संपत नाही हो, त्यावर सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, ओतायचं, मग रबर टेप, मग वरून काळी टेप. जुना जॉइंट टिकला तो त्या सगळ्यामुळे. फॉरवर्डवाल्याने त्यातलं सोल्डर गाळलं, रबर टेप गाळली आणि उरलेल्याला परंपरा म्हणतोय.

टेप 600 व्होल्टची असते हे खरंय, पण टेप फक्त झाकायचं काम करते, करंट जातो तो दोन धातू एकमेकांवर किती घट्ट दाबून बसलेत त्यातून. आता हिशोब करा. फ्लॅटमध्ये तीन एसी, गिझर, इंडक्शन एकदम चालू, मेनवर धरा 40 अँपिअर. पीळ सैल पडला आणि जॉइंटचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, समजा 10 मिलीओहम झाला, तर 40 गुणिले 40 गुणिले 0.01, म्हणजे 16 वॉट. ऐकायला काहीच नाही. पण मोबाईल रिपेअरवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं आणि ते कथील वितळवतं, इथे 16 वॉट टेपच्या चार पदरांत कोंडलेत, तेही बोटाएवढ्या जागेत. साधी पीव्हीसी वायर 70 डिग्रीची. टेपचा गोंद आधी चिकट रस होऊन बाहेर येतो, मग वायरचं कव्हर मऊ पडतं, गरम होऊन होऊन पीळ आणखी सैल होतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो. आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट, मेच्या दुपारी सगळे घरी असतात तेव्हा आठवा.

“एमसीबी पडेल” हा सगळ्यात घातक भाग. वरच्याच उदाहरणात त्या जॉइंटवर फक्त 0.4 व्होल्ट खर्च झाले, पंखा हळू होत नाही, दिवा मंद होत नाही, आणि एमसीबीला दिसतात तेच 40 अँपिअर. तिच्या आतली पट्टी तिच्यातून जाणाऱ्या करंटने तापते, माळ्यावरचा जॉइंट जळतोय हे तिला कळायचं कसं? आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, तर करंट बाहेर गळतोय का एवढंच बघते, तिचा इथे संबंधच नाही.

तांबं-ॲल्युमिनियम. जुन्या बिल्डिंगांमध्ये मीटर रूममधून वर ॲल्युमिनियमची केबल येते आणि फ्लॅटमध्ये तांब्याची वायर, त्यामुळे हा प्रकार मुंबईत पदोपदी. ॲल्युमिनियम खरवडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो करंट जाऊ देत नाही. शिवाय ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, एका डिग्रीला दहा लाखांत साधारण 23 भाग, तांबं 17, म्हणजे रोज गरम-गार होताना दोघं एकमेकांना ढिलं करत राहतात. वर आपली खारी दमट हवा. लालबागच्या एका बिल्डिंगमध्ये असा पिळलेला जॉइंट उघडला तर आत पांढरी भुकटी, बोट लावलं तशी वायर हातात आली.

बरं, इन्सुलेटेड कनेक्टर म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमचा ठोकळा, वर कथलाचा मुलामा, बाहेरून जाड रबरासारखं कव्हर, प्रत्येक वायरला वेगळं भोक, ॲलन कीने आवळायचा स्क्रू आणि त्या स्क्रूवर टोपी. एका भोकात एकच वायर, त्यामुळे तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना शिवतच नाहीत. पण दोन्ही धातूंना चालतो असं त्यावर छापलेलं पाहिजे, आणि ॲल्युमिनियमची वायर ब्रशने घासून लगेच ऑक्साइड-रोधक पेस्ट, काहींत ती आधीच भरलेली येते.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, कनेक्टर लावूनही जॉइंट जळतात. जळतात ना, लावायचा तसा लावला नाही की. वायर 16 स्क्वेअर एमएमची आणि भोकात मावत नाही म्हणून चार तारा कापून टाकणारे मी बघितलेत, म्हणजे केबल तिथेच बारीक केली. कोणी तारांना सोल्डर लावून स्क्रूखाली घालतात, सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला. कोणी दात-ओठ खाऊन आवळतात आणि तारा तुटतात. कनेक्टरवर टॉर्क, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळायचा ते, लिहिलेला असतो, टॉर्क रेंच वापरा, मग वायर ओढून बघा. आणि ते लिव्हरवाले छोटे कनेक्टर मस्तच, पण त्यांची झेप 4 नाहीतर 6 स्क्वेअर एमएमपर्यंत, मेनला ते नकोत. क्रिम्प करायचं, म्हणजे वायर फेरूलमध्ये, धातूच्या नळीत, घालून दाबायची, तर बरोबर मापाची डाय (दाबायचा साचा), हातोडीने चेपलेला फेरूल म्हणजे परत पीळच, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केली की आवळून बसणारी नळी. इन्सुलेटेड म्हणजे वॉटरप्रूफ नाही हेही ध्यानात घ्या, गणपतीच्या मंडपात पावसात उघडा सोडायची वस्तू नाही ती, बॉक्समध्येच पाहिजे, आणि बॉक्सही असा की नंतर उघडता येईल.

ज्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला त्यांना विचारलं, तुमच्या घरातला मेनचा जॉइंट कुठाय? म्हणाले, पीओपीच्या वर आहे, आता दिसत नाही, पण 11 वर्षं काही झालं नाही. रविवारी शिडी आणि मल्टीमीटर घेऊन जातोय, मेन बंद करून. काकूंनी आत्ताच सांगितलंय, बेडरूममधला एसी लावला की जळका वास येतो.