चार फुटांची खिडकी, आठ फुटांचं दार

बंगली १९८०च्या आसपासची. नऊ इंची विटांच्या भिंती आणि स्लॅब थेट त्यांच्यावर. कॉलम-बीमचे लाड नाहीत. हॉलच्या मागच्या भिंतीत चार फुटी खिडकी. पलीकडे बाग, म्हणजे एक कढीपत्ता आणि दोन जास्वंदी. तिथे आता तुम्हाला आठ फुटी सरकतं काचेचं दार हवंय. अभिनंदन! कामाला लागा.

आधी दार निवडा. हँडल काळं की सोनेरी, यात तीन रविवार गेले पाहिजेत. लिंटेलवर, म्हणजे दारावरची भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईवर, तीन मिनिटंही घालवू नका. ते प्लास्टरखाली जाणार, त्याचा फोटो कोण बघणार?

स्ट्रक्चरल इंजिनिअरला तर मुळीच बोलावू नका. तो भिंतीवर टकटक करतो आणि वर बघून गप्प बसतो. त्यापेक्षा मिस्त्री बरा. त्याचा हिशोब तोंडपाठ असतो : चार फुटाला दोन सळ्या, तर आठ फुटाला चार. गाळा, म्हणजे भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी, दुप्पट झाला की, फुटामागे वजन तेवढंच राहिलं तरी, लिंटेलला वाकवणारा जोर चौपट होतो, असलं काही त्याला सांगू नका. त्रैराशिकावर भागत असताना वर्ग कशाला काढायचा?

शिवाय वजन तेवढंच राहतही नाही. गाळ्यावरच्या विटा एकमेकींना धरून कमान करतात आणि वरचा भार बाजूंना ढकलतात. लिंटेलवर येतो तो फक्त मधला त्रिकोण. ४५ अंशांची उतरण धरली, तर चार फुटी गाळ्याला हा त्रिकोण दोन फूट उंच. लिंटेल आणि स्लॅबमध्ये तुमची तीन फूट भिंत, म्हणजे मजेत मावतो. आठ फुटाला चार फूट उंची लागते. ती तुमच्याकडे नाही. मग तीन फुटांच्या विटा, ज्या एकट्याच जवळजवळ टनभर भरतात, आणि वरून स्लॅबचा भार, सगळं लिंटेलवर. पण पाहुणे त्रिकोण बघायला येत नाहीत.

लिंटेल दोन्हीकडे भिंतीत निदान सहा इंच घुसायला हवं म्हणतात. एका बाजूला विजेचा बोर्ड येत असेल तर तीन इंचांवर भागवा. इलेक्ट्रिशियन कुठे लगेच मिळतो?

फोडाफोडीआधी स्लॅबला टेकू लावायचे, तर सोफा हलवावा लागतो. राहू द्या. भिंत चाळीस वर्षं उभी आहे, दुपारभर अधांतरी राहील. बाहेरचा छज्जा जुन्या लिंटेलबरोबरच ओतलेला असतो आणि वरच्या भिंतीच्या वजनावर तोल धरून असतो. लिंटेल फुटलं की तो खाली येऊ बघतो. मिस्त्रीची मोटरसायकल नेमकी त्याच्याखालीच का उभी असते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नव्या लिंटेलवर रोज पाणी मारायचं आणि खालचे टेकू दोन आठवडे तसेच ठेवायचे. पण गणपती पाच दिवसांवर आलेत ना? काढा टेकू.

पुढच्या पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर निघेल. तिथे तोरण लावा. मग दार अडकायला लागेल. दारवाला येऊन ‘आमच्या मालात दोष नाही’ म्हणेल, आणि त्याचं खरंच असेल.

शेवटी तोच इंजिनिअर येईल. या वेळी तो टकटक करणार नाही. दाराच्या बरोबर मधोमध एक लोखंडी टेकू ठोकून देईल. दोन्ही बाजूंना चार-चार फूट.