दुसऱ्याच्या आजीची भांडी

जुन्या वस्तूंचा संग्राहक होण्याची इच्छा आपल्या मनात निर्माण झाली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. कारण या छंदासाठी लागणारी मुख्य पात्रता, म्हणजे घरातल्या सगळ्या जुन्या वस्तू वेळीच घालवून बसलेले कुटुंब, आपल्यापाशी नक्कीच असणार. आजीचे तांब्याचे घंगाळ, पितळी हंडे, कासांडी आणि फिरकीचा तांब्या ही सर्व मंडळी स्टेनलेस स्टील घरात आल्यावर मोडीच्या भावाने तराजूवर चढली, गीझर बसल्यावर बंबाचे धूड भंगारवाल्याने नेले, आणि जरीच्या जुन्या साड्यांच्या बदल्यात बोहारणीने दिलेल्या पातेल्यात आजही आपले दूध तापते आहे. घर असे रिकामे झाल्याखेरीज संग्रहाला जागा होत नाही. आजीचा अडकित्ता जे अजून वापरतात, त्यांना कोणी संग्राहक म्हणत नाही. त्यांना सुपारी खाणारे म्हणतात.

पात्रता सिद्ध झाली की प्रवासाला निघावे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, परंतु तिथे शहराच्या बसने जाता येते, ही त्याची मोठीच उणीव आहे. त्यापेक्षा तमिळनाडूतील कारैकुडी गाठावी. चेट्टियार सावकारांनी ब्रह्मदेशातल्या व्यापारावर आणि सावकारीवर तिथे सागवानी खांबांचे प्रचंड वाडे बांधले. पुढे वारस पांगले, वाडे सांभाळणे कोणाला झेपेना, तेव्हा त्यांतले कित्येक उतरवले गेले आणि खांब, दारे, इनॅमलचे डबे, पितळी भांडी असा सारा संसार गावातल्या दुकानांत येऊन बसला. त्या ढिगातून आपल्या आजीच्या हंड्याशी शक्य तितके साम्य असलेला हंडा निवडावा, विमानात वजन वाढल्याबद्दल जादा पैसे भरावेत, आणि घरी आल्यावर आईसमोर त्याची किंमत उच्चारू नये, कारण मोडीत आलेली रक्कम तिला अजून पाठ असते.

मुंबईच्या चोर बाजाराविषयी एवढेच ठाऊक असले तरी पुरे, की मटण स्ट्रीटवरची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर पथारीवाल्यांचा बाजार भरतो. याहून अधिक माहिती खरेदीच्या आड येते. ग्रामोफोनचेच पाहा. भारतीय घरांत जी यंत्रे खरोखर वाजली, त्यांतली पुष्कळशी काळ्या पेटीची, बंद केली की हातात धरून नेता येणारी आणि कर्णा पोटातच लपवलेली होती. दिसायला ती एखाद्या फिरत्या विक्रेत्याच्या बॅगेहून अधिक देखणी नव्हती. अशी यंत्रे गिऱ्हाइकाला आवडत नाहीत, म्हणून कारागीर त्यांतला चावीचा भाग काढून तो नव्या नक्षीदार लाकडी पेटीत बसवतात, वर झळझळीत पितळी कर्णा चढवतात आणि एचएमव्ही कंपनीच्या कुत्र्याचे चित्र डकवतात. आपण नेमके हेच घ्यावे. त्यावर तबकडी लावण्याचा आग्रह मात्र धरू नये. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी एका बाजूने जेमतेम तीन मिनिटे वाजते, सुई वरचेवर बदलावी लागते, आणि लाखेची तबकडी हातून पडली की फुटते. हा सगळा त्रास ज्यांना संगीत ऐकायचे आहे त्यांच्यासाठी आहे. आपल्याला दिवाणखान्याचा कोपरा भरायचा आहे.

नाण्यांच्या बाबतीत अज्ञानाला आणखीच महत्त्व आहे. एका बाजूला रामपंचायतन आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, खाली १८१८ हे साल आणि ‘एक आणा’ असा मजकूर, अशी नाणी आपल्याला रेल्वे स्थानकापासून देवस्थानापर्यंत कुठेही दाखवली जातील. कंपनीने आपल्या सबंध मुलखासाठी एकसारखी नाणी पाडायला सुरुवात केली ती १८३५ साली, त्या नाण्यांतही एक आणा नव्हता, आणि एक आण्याचे नाणे निघाले ते कंपनीची सत्ता जाऊन सुमारे अर्धे शतक लोटल्यावर, १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या नावाने. पण ही असली रुक्ष माहिती श्रद्धाळू माणसाने कशाला ठेवावी? नाणे तांदूळ ओढून घेते असे विक्रेत्याने सांगितल्यास किंमत दुप्पट झाली असे समजावे आणि पाकीट काढावे.

वस्तूबरोबर तिची कथाही मागून घ्यावी, कारण पाहुणे वस्तूकडे क्षणभर पाहतात आणि कथा जेवण होईपर्यंत ऐकतात. कथेत एक संस्थानिक असणे इष्ट. स्वातंत्र्याच्या वेळी देशात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती, तेव्हा वाड्यांचा तुटवडा पडण्याचे कारण नाही. संस्थानाचे नाव मात्र विचारू नये. विक्रेत्याला उगाच आठवण्याचे कष्ट पडतात आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर तो निराळे नाव सांगतो.

एका ठिकाणी जाणे कटाक्षाने टाळावे, आणि ते म्हणजे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला देऊन तो सगळा सरकारच्या स्वाधीन केला. तिथे दिवे, अडकित्ते, चुन्याच्या डब्या, पाय घासायच्या वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू ओळीने मांडलेल्या दिसतात, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या तरी कामासाठी घडवलेली होती हे ध्यानात येऊन माणूस अस्वस्थ होतो. घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या तरंगत ठेवण्याचा आपला उत्साह अशा दर्शनाने मावळू शकतो.

आता कायद्याविषयी. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपला मुलगा न्यू जर्सीला असेल आणि सून तिथल्या दिवाणखान्यासाठी आपला ‘दीडशे वर्षांचा’ लामणदिवा मागत असेल, तर वस्तू पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून घ्यावे लागते. इथे आपली खरी कसोटी आहे. प्रमाणपत्र नाकारले जावे अशी मनोमन प्रार्थना करीत दिवा घेऊन जावे. तज्ज्ञ तो उलटा करून बूड पाहतील आणि मुरादाबादच्या पितळी वस्तूंच्या कारखान्याला मनातल्या मनात दाद देत सही करतील. खचून जाऊ नये. दिवा विमानाने पाठवावा आणि तो सरकारी कागद फ्रेम करून भिंतीवर लावावा, कारण त्याच कायद्यात ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना पुरातन ठरण्यासाठी पंचाहत्तरच वर्षे पुरतात, म्हणजे प्रमाणपत्र दिव्याच्या आधी पुरातन होण्याची शक्यता बरीच अधिक आहे.