‘५० हजारांखालची सायकल म्हणजे भंगार’: या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पावसाळा ओसरला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: पहिली चांगली सायकल घ्यायची तर किमान ५० हजार बाजूला काढा, त्याखाली मिळतं ते भंगार. सायकल हलकी हवी, शक्यतो कार्बनची. गिअर वरच्या दर्जाचे हवेत, म्हणजे चढ सोपा जातो. एकदाच घ्या पण चांगली घ्या. पैसे टोचले की आपोआप चालवाल. लांबच्या राइडला स्वस्त सायकल टिकत नाही. आणि सेकंडहँडच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

मेसेज वाचून काही जण हप्त्यावर ५५ हजारांची सायकल घेतात. बरेच जण ‘मग राहू दे’ म्हणून विषयच सोडून देतात. हे उत्तर मुख्यतः त्या दुसऱ्या मंडळींसाठी आहे.

‘५० हजारांखाली सगळं भंगार’

भंगार बाजारात आहे, हे खरंच. पण ते कुठे आहे ते नीट बघू. आठ ते बारा हजारांत पुढे-मागे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, अशी भपकेबाज सायकल मिळते. ती खरोखर घेऊ नये. तेवढ्याच पैशात इतक्या वस्तू बसवायच्या म्हटल्यावर प्रत्येक वस्तू हलकीच येणार. पुढचा स्प्रिंगचा फोर्क एकटाच अडीच किलोच्या घरात जातो आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की आपला जोर गिळत खालीवर डोलत बसतो. डिस्क चाकाबरोबर फिरताना पॅडला घासत राहते. रिम एकपदरी असते, चार खड्डे खाल्ले की चाक आउट, म्हणजे फिरताना डुगडुगणारं. मग दर पंधरवड्याला आउट काढायला दुकानात.

आता त्याच्या थोडं वर या. साधारण पंधरा ते तीस हजारांच्या पट्ट्यात सस्पेन्शन नसलेली, सरळ फोर्कची हायब्रिड सायकल (रेसिंग आणि डोंगरी सायकलींच्या मधली, सरळ हँडलची) मिळते. ॲल्युमिनियमची फ्रेम, दुपदरी रिम, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे, साधे पण पक्के व्ही-ब्रेक. पट्ट्याच्या वरच्या टोकाला मागच्या चाकात जुन्या फ्रीव्हीलऐवजी (आट्यांवर बसणारा दातेरी चकत्यांचा संच) कॅसेट (सरकवून बसणारा संच) येते. दर्जाची मोठी उडी इथेच आहे, ५० हजारांवर नाही. तिथून पुढे प्रत्येक दहा हजारांना मिळणारी सुधारणा लहान लहान होत जाते. ती नसतेच असं नाही, पण पहिल्या वर्षी ती ओळखण्याइतके पाय तयार झालेले नसतात.

शिवाय किंमत म्हणजे सगळा दर्जाच असतो असंही नाही. तयार आयात होणाऱ्या सायकलींवरचं सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झालं. परदेशात बनलेली सायकल आणि लुधियाना किंवा चेन्नईकडची इथे जुळवलेली सायकल शेजारीशेजारी उभ्या असतील, तर किमतीतल्या फरकाचा बराच वाटा सरकारच्या तिजोरीत गेलेला असतो, फ्रेममध्ये नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मेसेजमधला आकडा मात्र होता तिथेच आहे!

‘हलकी हवी, वजनातच सगळं आहे’

सिंहगडाचं उदाहरण घेऊ, कारण पुण्यातला प्रत्येक नवा सायकलवाला कधी ना कधी तिथे जाऊन धापा टाकतोच. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण ६०० मीटर उंची चढायची असते. चालवणारा ७० किलोचा आणि सायकल १५ किलोची, मिळून ८५. तीच सायकल ११ किलोची असती तर ८१. घाट चढताना लागणारं कष्ट जवळजवळ या एकूण वजनाच्याच प्रमाणात असतं. म्हणजे चार किलो कमी करण्यासाठी मोजलेल्या पंचवीस-तीस हजारांतून पाच टक्क्यांहूनही कमी श्रम वाचतात. तासाभरात वर पोचणारा तीनेक मिनिटं आधी पोचेल. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि पाठीवरची सॅक घरी ठेवली तरी यातला अर्धाअधिक हिशेब जुळतो.

सपाटीवर तर हा फरक जवळजवळ नाहीसाच होतो. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गेलात की निम्म्याहून जास्त जोर वाऱ्याशी झगडण्यात जातो, आणि वाऱ्याला तुमची सायकल किती किलोची आहे याच्याशी देणंघेणं नाही. तिथे टायरमधली हवा आणि बसण्याची पद्धत जास्त बोलते.

वजन खरोखर छळतं ते वेगळ्याच ठिकाणी: लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल रोज वर न्यायची असेल तर. तसं असेल तर हलक्या सायकलीला चार पैसे जास्त द्या, माझी हरकत नाही. पण मेसेजमध्ये जिन्याचा उल्लेख नाही, कार्बनचा आहे. पहिल्या सायकलीला कार्बन फ्रेम नकोच म्हणेन. नवा माणूस पडतो, धडपडतो, सायकल भिंतीला टेकवून ठेवतो आणि ती घसरून आपटते. स्टील किंवा ॲल्युमिनियमला पोचा पडला तर तो निदान दिसतो. कार्बनच्या आतली चीर वरून दिसेलच असं नाही.

‘गिअर वरच्या दर्जाचे हवेत’

या मुद्द्यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या, रेसिंग सायकलींच्या गिअरची उतरंड खालून वर अशी: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. हायब्रिड आणि डोंगरी सायकलींची: टूर्नी, अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, डिओर आणि पुढे. वर जाल तसे गिअर अधिक अलगद पडतात, भाग हलके होतात, मागच्या चकत्या वाढतात. पण उतरंडीत वरचं म्हणजे चढावर सोपं, हा जो समज मेसेज पसरवतो तो चूक आहे. चढावर सोपं काय, हे ठरतं दातांवरून.

टूर्नी गिअरची साधी हायब्रिड घ्या. पुढे ४८, ३८ आणि २८ दातांच्या तीन चकत्या, मागे १४ ते २८ दातांच्या सात, म्हणून २१ गिअर. सर्वांत हलका गिअर २८ ला २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग राहतो आणि सायकल डगमगत नाही. आता दुप्पट किमतीची क्लॅरिसवाली रेसिंग सायकल. पुढे ५० आणि ३४, मागे बहुतेकदा ११ ते २८. हलक्यातला हलका गिअर ३४ ला २८, म्हणजे एका फेऱ्याला चाकाचे १.२१ फेरे. त्याच फेऱ्यांना ताशी नऊच्या वर जावंच लागतं. नवशिक्याच्या मांड्यांत तेवढा दम नसतो, मग फेरे मंदावतात, गुडघे कुरकुरतात आणि शेवटी माणूस उतरून ढकलायला लागतो. म्हणजे जास्त पैसे देऊन घाट अवघड करून घेतला! रेसिंग सायकलच घ्यायची असेल तर मागे ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट आहे का, एवढं दुकानात विचारा. तो प्रश्न ‘क्लॅरिस की सोरा’पेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या बाजूने, २१ गिअर म्हणजे २१ वेगवेगळे वेग असंही नाही. वरच्याच सायकलीत ४८ ला २४ आणि २८ ला १४ दोन्ही दोनच येतात, म्हणजे एकच गिअर दोनदा मोजलेला. त्यामुळे दुकानदार ‘साहेब, यात तीन गिअर जास्त आहेत’ म्हणाला तर हसून पुढे जावं.

आणि मेसेजमध्ये दुरुस्तीबद्दल अवाक्षर नाही. सात गिअरचं फ्रीव्हील, तिची चेन, साध्या केबल तालुक्याच्या दुकानात मिळतात. बारा चकत्यांची कॅसेट आणि हायड्रॉलिक ब्रेकचं तेल तिथे मिळेल याची खात्री नाही. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. अडॅप्टर खिशात ठेवावा लागतो. गोष्ट लहान आहे, पण चिपळूणच्या अलीकडे पंक्चर झाल्यावर ती लहान राहत नाही.

‘एकदाच घ्या, चांगली घ्या’

फ्रिजच्या बाबतीत ठीक आहे. पहिली सायकल घेताना मात्र आपल्याला नेमकं काय आवडणार हेच ठाऊक नसतं. वाकड्या हँडलवर ओणवं बसून वेग काढायला आवडेल, की ताठ बसून गावोगाव भटकायला, की शेवटी ऑफिस आणि भाजी एवढंच उरेल? सहा महिने चालवल्यावर ते कळतं. आधीच ६० हजार घालून बसलात आणि प्रकार चुकला, तर दुकानाबाहेर पडल्या क्षणी उतरलेला भाव सोसावा लागतो. २० हजारांच्या सायकलीत ते नुकसान थोडक्यात आवरतं, आणि पुढे मोठी घेतली तरी जुनी पावसाळ्यासाठी राहते. कोकणातल्या पावसात चांगली चेन भिजवायला कोणाचंही मन धजत नाही.

‘पैसे टोचले की आपोआप चालवाल’

हे वाक्य बोलणाऱ्यांनी सोसायटीच्या पार्किंगमधल्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या ट्रेडमिलच्या खोक्यांकडे एकदा पाहावं. आणि सायकलीच्या बाबतीत तर उलटंच होतं. ७० हजारांची सायकल स्टेशनबाहेर साखळी लावून सोडवत नाही. मंडईत जाताना ती नको वाटते. ऑफिसच्या गेटवर सुरक्षारक्षकाला दहा वेळा ‘लक्ष ठेवा हो’ म्हणावं लागतं. मग ती फक्त रविवारी पहाटे निघते, आणि रविवारी लग्न असलं की तेही नाही. पायांना सवय लागते ती रोजच्या बारीकसारीक फेऱ्यांनी, आणि त्या फेऱ्या जी सायकल बिनधास्त कुठेही उभी करता येते तिच्यावरच होतात.

‘लांबच्या राइडला स्वस्त सायकल टिकत नाही’

बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड महाराष्ट्रात अनेक शहरांतून होतात. त्यांना वेळेची मर्यादा असते: २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस, ६०० साठी चाळीस. २०० चा हिशेब मांडला तर चहा-नाश्ता, पंक्चर सगळं धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते. नियमांत सायकलीच्या किमतीची अट नाही; लाइट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेटची आहे. साध्या हायब्रिडवर २०० पूर्ण करणारे नवे लोक दर हंगामात दिसतात. त्यांना शेवटी त्रास होतो तो बहुतेक सीटचा आणि मनगटांचा, आणि तो माप चुकल्यामुळे असतो.

एका बाबतीत मात्र मेसेजची बाजू घेतो. वजन शंभरच्या पुढे असेल, किंवा रोज तीसेक किलोमीटर खड्ड्यांतून जायचं असेल, तर फ्रीव्हीलवाल्या मागच्या चाकावर विसंबू नका. त्या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे आत सरकलेले असतात, एक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि तो वाकतो. कॅसेटवालं हब (चाकाचा मधला भाग) आणि शक्यतो ३६ तारांचं चाक घ्या. त्यासाठी पाच-सात हजार जास्त गेले तरी ते योग्य जागी गेले. पण तेही धरून आकडा तिशीच्या आसपासच राहतो.

‘सेकंडहँड नकोच’

का नको? २०२० च्या टाळेबंदीनंतर उत्साहात घेतलेल्या कितीतरी सायकली जेमतेम वापरून पडून आहेत. बघताना चार गोष्टी बघा. हँडलखालची पुढची नळी आणि खालची तिरकी नळी जिथे जोडली आहे तिथे रंगाला चीर किंवा सुरकुती आहे का. असेल तर परत फिरा. चाक फिरवून आउट किती आहे पाहा. चेनचे २४ अर्धे दुवे, म्हणजे नव्या चेनमधले बरोबर १२ इंच, मोजपट्टीने मोजा. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदलायची, आठवा भाग वाढला असेल तर मागच्या चकत्याही गेल्या. तेवढे पैसे भावातून कमी करा. आणि पायडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात त्याच्या खालच्या बाजूला बहुधा कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून घ्या. बिल नसेल तर कितीही स्वस्त असली तरी चोरीची सायकल घरात आणू नका.

राहिला पैशांच्या वाटणीचा मुद्दा, ज्याला मेसेजमध्ये एक ओळही नाही. खिशात २५ हजार असतील तर सायकलीवर १९ च्या वर जाऊ नका. उरलेल्यात ईएन १०७८ चा शिक्का असलेलं हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, दणकट कुलूप, हातपंप, एक जास्तीची ट्यूब आणि पॅडची चड्डी बसते. आणि पैसे देण्याआधी दुकानात भिंतीला पाठ लावून, दोन्ही मांड्यांच्या मध्ये पुस्तक वर घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजून घ्या. तिला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण मिळतं. तेवढ्यावर सीट लावून, दुकानासमोरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर शेजारचं दुकान बघा.