किलोचा भाव पाहून कुत्र्याचं खाणं घेऊ नका

दत्तक घेतलेला कुत्रा घरात आला की पहिल्या आठवड्यात तीन चुका हमखास होतात. त्याचं खाणं लगेच बदललं जातं, नवी पिशवी समोरचं चित्र बघून निवडली जाते, आणि ती परवडते की नाही हे किलोच्या भावावरून ठरतं. तिन्ही चुका प्रेमापोटी होतात हे मान्य, पण जुलाब त्या बिचाऱ्यालाच होतात.

आधी घाईबद्दल. शेल्टरमध्ये किंवा आधीच्या घरी तो जे खात होता तेच, मग ते कितीही सुमार असो, पहिला आठवडाभर चालू ठेवा. आणायला जाल तेव्हा तिथूनच थोडं खाणं मागून घ्या आणि त्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. नवी जागा, नवे आवाज, अनोळखी माणसं, एवढ्या ताणानेसुद्धा मोठ्या आतड्याला सूज येते आणि शी पातळ, शेंबडासारखी, कधी रक्ताचा टिपका असलेली होते. त्यातच खाणंही बदललंत तर जुलाब नक्की कशाने झाले हे शोधायला मार्ग उरत नाही. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्यांत जंत आणि जिआर्डिया (आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी) हेही बरेचदा असतात. जिआर्डिया नेहमीच्या जंताच्या गोळीने जाईलच असं नाही, आणि शीच्या एका तपासणीत सापडेलच असंही नाही. ‘याला हे खाणं सोसत नाही’ म्हणत महिनाभरात तीन ब्रँड बदलून झालेले असतात आणि खरा गुन्हेगार आतड्यात निवांत बसलेला असतो. म्हणून शी आधी तपासून घ्या, पिशवी मागाहून बदला.

बदलायची वेळ आली की दहा दिवस धरा. तीन दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग तीन दिवस पाऊण भाग नवं, दहाव्या दिवशी पूर्ण नवं. मध्ये शी सैल झाली तर एक पायरी मागे या आणि दोन दिवस तिथेच थांबा.

याला एक गंभीर अपवाद आहे. कुत्रा अगदी खंगलेला असेल, बरगड्या आणि कंबरेची हाडं लांबूनच मोजता येत असतील, तर भरलेलं ताट समोर ठेवू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वास दोन्ही त्यामुळे ढासळू शकतात. अशा कुत्र्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं. खाणं त्यांच्या देखरेखीखाली, आताच्या वजनाला विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरींच्या साधारण पाव भागापासून सुरू होतं आणि चार किंवा जास्त दिवसांत हळूहळू वाढवलं जातं, तेही दिवसातून चार-सहा छोट्या वेळांत विभागून.

आता पिशवी उलटी करा. समोरचे रसरशीत मांसाचे तुकडे, हिरवे वाटाणे आणि डोंगर हे सगळं तुमच्यासाठी छापलेलं आहे. दाण्यांचे लाल-हिरवे रंगही तुमच्यासाठीच, कारण कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. कामाची ओळ मागे, बारीक अक्षरात असते: हे खाणं ‘पूर्ण आणि संतुलित’ आहे का, आणि कोणत्या वयासाठी. अमेरिकेत यासाठी आफकोचे (पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे) निकष वापरतात, युरोपात फेडिआफचे (पाळीव प्राण्यांचं खाणं बनवणाऱ्यांच्या महासंघाचे). ‘पूरक’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल तर ती पिशवी कितीही भारी असो, रोजचं जेवण म्हणून ती बाद.

आफकोच्या निकषांत पाणी वगळून प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के स्निग्धांश लागतात. पिल्लांसाठी आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी हेच आकडे २२.५ आणि ८.५ टक्के आहेत. ‘सर्व वयांसाठी’ असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ ते पिल्लांच्या निकषात बसतं. नसबंदी झालेल्या, दिवसभर लोळणाऱ्या प्रौढ कुत्र्याला ते वाटीभर घातलंत तर वर्षभरात त्याचा गोळा होईल. ‘सीनियर’ कुत्र्यांसाठी आफकोचा वेगळा निकषच नाही, त्यामुळे त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. मोठ्या चणीच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र बारीक अक्षरं दोनदा वाचा. मोठेपणी ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या पिल्लांसाठी ते योग्य आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते. चांगल्या खाण्यावर वरून कॅल्शियमची पावडर घालणं हा म्हणूनच निव्वळ घातकी लाड आहे.

घटकांच्या यादीला लोक नको तेवढं महत्त्व देतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण हे वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून ते पहिल्या नंबरावर दिमाखात बसतं आणि पाणी उडालं की मागे पडतं. ‘चिकन मील’ म्हणजे आधीच वाळवून दळलेलं, त्यामुळे तिसऱ्या नंबरावर असूनही ते जास्त प्रथिनं देऊन जाऊ शकतं. दुसरी क्लृप्ती तुकडे पाडण्याची. वाटाणे, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याची प्रथिनं असे तीन वेगळे घटक लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि मांस वर दिसतं. ‘बाय-प्रॉडक्ट’ शब्दाला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यात यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असे अवयव येतात आणि कुत्रा ते मिटक्या मारत खातो. ‘प्रीमियम’ या शब्दाला तर कसलाच ठरलेला निकष नाही, तो कुणीही छापावा.

कोरड्या आणि ओल्या खाण्याची तुलना करताना पाणी वजा केल्याशिवाय आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. डब्यावर ८ टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के पाणी लिहिलंय, पिशवीवर २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी. डब्यात पाण्याशिवायचा भाग २२ टक्के उरतो, ८ भागिले २२ म्हणजे ३६ टक्के. पिशवीत २४ भागिले ९० म्हणजे साधारण २७ टक्के. दिसायला तिप्पट असलेली पिशवी प्रत्यक्षात मागे आहे. अर्थात २७ टक्केही प्रौढ कुत्र्याला भरपूर झाले, आणि ओलं खाणं म्हणजे पाण्याचेही पैसे देणं. बजेट आखडतं असेल तर कोरडं मुख्य ठेवा, ओलं हवं तर चमचाभर वरून.

‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याबद्दल माझं मत सरळ आहे: जास्त पैसे देऊन घेऊ नका. कुत्रा लांडग्यापासून वेगळा झाला तसतशी पिष्ट पचवणाऱ्या जनुकाची संख्या त्याच्यात वाढली, शिजवलेलं धान्य तो छान पचवतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये ग्रेन-फ्री खाण्यांचा, विशेषतः वाटाणे, मसूर, बटाटे भरपूर असलेल्यांचा, हृदयाचे स्नायू सैल पडण्याच्या आजाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण ज्याचा फायदाही सिद्ध नाही त्यासाठी धोका कशाला पत्करा? आणि खाज म्हणजे धान्याची अ‍ॅलर्जी हे समीकरणही कच्चं आहे. खाण्याच्या अ‍ॅलर्जीत गोमांस, दूध आणि चिकन गव्हाच्या वर येतात, आणि बरीचशी खाज मुळात पिसवांची असते.

आता पैशाचं. कुत्रा किलो खात नाही, कॅलरी खातो. विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरी काढायच्या तर वजनाचा (किलोत) घन करा, मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. नसबंदी झालेल्या प्रौढासाठी त्याला १.६ ने गुणायचं, न झालेल्यासाठी १.८ ने, चार महिन्यांखालच्या पिल्लासाठी ३ ने, त्यापुढच्या वाढत्या पिल्लासाठी २ ने. १४ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला या हिशोबाने रोज ८०० किलोकॅलरीच्या आसपास लागतात.

समजा एका पिशवीत किलोमागे ३२०० किलोकॅलरी आहेत, दुसरीत ४०००. पहिलीतलं रोज २५० ग्रॅम लागेल, दुसरीतलं २००. दहा किलोची पहिली पिशवी ४० दिवसांत संपेल, दुसरी ५० दिवस पुरेल. म्हणजे दुसरी पिशवी पहिलीपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत महाग असली तरी खिशाला तेवढीच पडते. पिशवीचा भाव भागिले ती किती दिवस पुरेल, हाच एक आकडा दोन पिशव्यांत तोलायचा. अगदी स्वस्त खाण्यांत तंतू आणि राख (म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) जास्त असली की पचत कमी आणि बाहेर पडतं जास्त, त्यामुळे शीचा आकारही हिशोबात धरा. घट्ट, आकार टिकवणारी, उचलल्यावर जमिनीवर डाग न राहणारी शी दिवसातून एक-दोनदा होत असेल तर खाणं सोसतंय.

कॅलरी छापलेल्याच नसतील तर अंदाज काढता येतो. प्रथिनं २६, स्निग्धांश १४, तंतू ३, पाणी १०, राख ८ (लिहिली नसेल तर कोरड्या खाण्यात ७-८ धरा) अशी टक्क्यांची बेरीज ६१ झाली, म्हणजे शंभरातली उरलेली ३९ कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, स्निग्धांशाला ८.५ ने गुणून बेरीज केली की शंभर ग्रॅमला सुमारे ३४७ किलोकॅलरी येतात, किलोला ३४७०. एवढं गणित करायचा कंटाळा येत असेल तर कंपनीलाच विचारा. त्याच दमात हेही विचारा की खाण्याचं सूत्र बनवणारा पशुपोषणातला शिकलेला माणूस कोण आहे, माल स्वतःच्या कारखान्यात बनतो का, आणि प्रत्येक खेपेत काय काय तपासलं जातं. लहान कंपनी म्हणजे प्रामाणिक आणि मोठी म्हणजे लुटारू, असा काही नियम नाही. मला तरी साध्या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारी मधल्या भावाची पिशवी, उत्तर टाळणाऱ्या भारी पिशवीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

सूत्रातून आलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते. खाणं वाटीने मापू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. एकच वाटी सकाळी सपाट आणि संध्याकाळी शिगोशिग भरली की महिन्याला दोन-तीन दिवसांचं खाणं सहज उडतं. दर दोन आठवड्यांनी बरगड्यांवर हात फिरवा. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा: बरगड्या तशा टोकदार लागल्या तर कुत्रा बारीक. हात पसरून पालथ्या पंजाची हाडं जशी जाणवतात तशा लागल्या तर अगदी बरोबर. तळव्याच्या बाजूसारखं गुबगुबीत लागलं आणि हाडं शोधावी लागली, तर दहा टक्के कमी करा. ट्रीट दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आतच, आणि तेवढं जेवणातून वजा करून.

घरचं शिजवलेलं स्वस्त पडतं म्हणून रोज चिकन-भात घालणाऱ्यांसाठी थोडं कडू. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन्महिने तेच दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात भरतं आणि हाडं ठिसूळ होतात. पिल्लांत तर हे फार लवकर दिसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. पोट बिघडल्यावर दोन-तीन दिवस चिकन-भात ठीक. कायमचं घरचंच द्यायचं असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅमवार पाककृती घ्या आणि तिच्यात स्वतःची अक्कल घालू नका. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) आणि शिजवलेली हाडं कोणत्याच पाककृतीत नकोत.

मोठी पिशवी स्वस्त पडते खरी, पण उघडल्यापासून पाच-सहा आठवड्यांत संपणार असेल तरच. वरच्या १४ किलोच्या कुत्र्याला दहा किलोची पिशवी म्हणजे कमाल झाली. वीस किलोची घेतलीत तर शेवटचे दीड-दोन महिने तो खवट चरबी खाणार. सुट्टं विकायला ठेवलेलं खाणं तर घेऊच नका, ते कधी उघडलं, कुठल्या खेपेचं आहे, कशाचाच पत्ता नसतो. खाणं मूळ पिशवीतच ठेवा, हवा दाबून काढून तोंड गुंडाळा आणि हवी तर अख्खी पिशवी डब्यात उभी करा. दाणे थेट डब्यात ओतले की तळाशी जुना तेलकट चुरा साचतो आणि नव्या मालालाही खवट करतो. पिशवी संपेपर्यंत तिच्यावरचा बॅच नंबर फाडू नका, माल परत मागवला गेला तर तोच लागतो.

रोज ताट चाटूनपुसून साफ करणाऱ्याने एखाद्या दिवशी तेच खाणं हुंगून तोंड फिरवलं, तर नवा ब्रँड शोधायच्या आधी पिशवीत नाक घाला. चार दाणे बोटांत चुरडा. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर पिशवी फेकून द्या. वास ठीक असेल आणि प्रौढ कुत्रा दुसऱ्या दिवशीही जेवत नसेल तर डॉक्टरकडे न्या. लहान पिल्लाच्या बाबतीत तेवढंही थांबू नका, त्याची साखर काही तासांत उतरू शकते.