दोन इंचाचा गुटका

काल संध्याकाळी पोरांच्या एका टोळक्यानं माझ्या कुंपणासमोर उभं राहून मोठ्यानं मोजलं, "एकोणसत्तर!" आणि खिदळत पळाले. त्यातला एक माझ्याच वर्गातला. पट्ट्या ७२ हव्या होत्या हे त्याला माहीत, कारण ते गणित मीच हौसेनं फळ्यावर घातलं होतं. लांबी तीस फूट म्हणजे ३६० इंच, पट्टी तीन इंच रुंद, फट दोन इंच, तर पट्ट्या किती?

कुंपण का, तर वांगी. वांगी कोणी खाल्ली, ते पुढं येईलच. सुतार "उद्या येतो" म्हणाला, आणि त्याचा उद्या लग्नसराईनंतर उगवतो. वादळात पडलेला निंब आरा मशीनवर नेऊन मी पट्ट्या चिरून आणल्या. बाभळीच्या खुंटांची बुडं जाळून, डांबर फासून दोन-दोन फूट गाडली. तरी आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मधल्या काळात खुंटांना पोळ्याच्या पाडव्याला पिऊन आल्यासारखं झुलवते, हे मी धरूनच होतो. माणसांचं मात्र धरलं नव्हतं.

रविवारी सकाळी सुतळी ताणली, पाणसळ लावली आणि पट्ट्या ठोकायला बसलो. पट्टी जमिनीला टेकू द्यायची नाही, दोन बोटं वर, नाहीतर उधई आयती शिडी चढते. खिळ्याआधी छिद्र पाडायचं, नाहीतर सुकलेलं लाकूड टोकाशी चिरतं. आणि दोन पट्ट्यांमध्ये दर वेळी तोच दोन इंचाचा लाकडी गुटका टेकवायचा. डोळ्याचा भरवसा नाही. दर फटीला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं, तर ७२व्या पट्टीपर्यंत जवळजवळ नऊ इंच घसरतात.

तिसऱ्या पट्टीला शेजारचे काकाजी खाट घेऊन आले. नुसते आले नाहीत, खाट घेऊन आले. रस्त्याच्या कडेला ती टाकली, खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी काढली आणि घोटत घोटत विचारलं, "मास्तर, कोनाची तिरडी बांधून रायले?"

"कुंपण आहे, काकाजी."

"असं काय! मले वाटलं, कोनी गेलं." मग बराच वेळ नुसतं घोटणं. "पन मी म्हन्तो, बांबूच्या कमच्यांचा कूड कायले नाई घातला? एका दिवसात झाला असता."

काकाजींना एकदा बांबू सुचला की तो लवकर संपत नाही. त्यांच्या तरुणपणी बांबू कसा होता, वनरक्षक कसा होता, त्याची सायकल कोणती होती. मीही चुकून सांगून बसलो की १९२७च्या वन कायद्यात बांबू झाड होता, २०१७च्या दुरुस्तीत त्याला झाडांतून काढला.

"मंग आता काय हाय तो?"

"गवत. आधीपासून गवतच होता."

काकाजींनी पिचकारी टाकली. "म्हंजे सरकारले नव्वद वर्सं लागले गवत वयखाले! अन् तुमी सरकारी मास्तर, कुंपन ठोकून रायले!"

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही, पण रस्त्यावरची चार माणसं हसली. पुढचे दोन तास सल्ले चालले. खिळा वाकडा हाय. हातोडी जवयून धरून रायले. पट्टी उलटी लावली. (पट्टीला उलटं-सुलटं नव्हतंच.) यात एकानंही उठून दुसरं टोक धरलं नाही. आमच्या गावात फुकट मिळतं ते एवढंच.

चाळिसाव्या पट्टीनंतर पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर गुटका नाही. भुशात शोधला, गवतात शोधला. "काकाजी, माझा गुटका पाहिला?" तर म्हणे, "कोनता गुटका? मी खर्रा खातो." शेवटी नजरेनं अंदाज घेत दुसरा कापला. तो निघाला अडीच इंचाचा, हे मला ६९व्या पट्टीला कळलं, जेव्हा कुंपण संपलं आणि हातात तीन पट्ट्या उरल्या.

"गनिताचे मास्तर हाव न तुमी?" काकाजी म्हणाले. ते उठले, तेव्हा दिसलं. खाटेच्या पायाखाली माझा गुटका.

"राहू द्या. खाट हालते."

तेव्हा माझी जीभ सुटली. म्हटलं, वांगी तुमच्याच बकरीनं खाल्ली, तीनदा. ज्याची बकरी त्यानं बांधावी, तर मी माझं घर बांधून घेत बसलोय, तेही तुमचं बोलणं ऐकत. काकाजी गप्प झाले. मला वाटलं, लागलं. रात्रभर वाईटही वाटलं. म्हातारा माणूस, उगाच बोललो.

आज सकाळी दार उघडलं तर बकरी माझ्याच कुंपणाला बांधलेली. अडीच इंची बाजूला. नाकाडं फटीत घालून एकेक पान ओढत होती. काकाजी खाटेवर.

"बांधली न, मास्तर," ते म्हणाले. "तुमीच म्हनले होते न बांधा म्हून. अन् त्या तीन पट्ट्या उरल्या न, त्या होयीले द्या."